स्वसंरक्षणाचा दोन रविवारांचा वर्ग : एका औषध दुकानदाराचा अनुभव

नाशिकला सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे, २१ वर्षं झाली. हा वर्ग मी आणि माझ्या मुलीने मिळून केला. दोन रविवार, सकाळी नऊ ते चार, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी, म्हणजे एकूण १२ तास. फी माणशी ४,५०० रुपये, विद्यार्थ्यांना ३,०००. जागा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. आम्ही १४ जण होतो, त्यात पुरुष तिघेच. जाहिरातीतला अंगरख्यातला माणूस बघून मला वाटलं होतं की ठोसा कसा मारायचा, मनगट कसं सोडवायचं, असं काही शिकवतील. तेही थोडं शिकवतात, पण ते फार तर दोन तास. उरलेले दहा तास समोर प्रसंग उभा करतात आणि तुम्ही काय करता ते बघतात.

आधी मी का गेलो ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले होते, शटर अर्धं खाली ओढलं होतं, हातावरचा मुलगा, म्हणजे दुकानातला मदतनीस, हिशेब लावत होता. दोन पोरं वाकून आत आली आणि झोपेच्या गोळ्यांची पट्टी मागायला लागली. चिठ्ठी नव्हती. ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. मी नाही म्हणालो. एकाने काउंटरवरची चॉकलेटची बरणी फोडली, दुसऱ्याने माझी कॉलर धरली. मी शटर ओढायची आकड्याची सळई उचलली, तशी दोघं पळाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मी त्यांच्या मागे धावलो. तीस-चाळीस पावलं गेलो असेन, मागच्या पोराच्या खांद्यावर सळई घातली आणि त्याचं हाड मोडलं. पोलीस चौकीत हवालदारांनी एकच विचारलं, "शेठ, फटका बसला तेव्हा तो तुमच्याकडे येत होता का तुमच्यापासून जात होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पोराचे आईवडील आले, हात जोडले, मीही जोडले. प्लास्टर, औषधं, सगळा खर्च मी केला. प्रकरण तिथेच मिटलं, पण तो प्रश्न काही महिने माझ्या उशाशी होता. पोरगं सतरा वर्षांचं होतं. सळई हातभर वर लागली असती तर काय झालं असतं, हे मला दुकानात बसून रोज दिसायचं.

म्हणून मुलीने या वर्गाची माहिती काढली तेव्हा मी म्हणालो, मीही येतो.

शिकवणारे तिघं. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब, समुपदेशन करणाऱ्या एक ताई, आणि अंगभर जाड फोम बांधून, डोक्यावर भोपळ्याएवढं हेल्मेट चढवून हल्लेखोर होणारा तरुण. तो एरवी राज्य नाट्य स्पर्धेत कामं करतो, आणि ते जाणवतं. रिक्षावाला, दारू प्यालेला शेजारी, पत्ता विचारणारा परगावचा माणूस, सगळ्यांची बोली वेगळी, उभं राहणं वेगळं. साहेबांनी सुरुवातीला सांगितलं की असं फोम बांधलेल्या माणसावर पूर्ण ताकदीने सराव करायची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजली, आणि त्यामागचं कारण असं की कराटेत ब्लॅक बेल्ट मिळवलेल्या एका बाईलाही प्रत्यक्ष हल्ला रोखता आला नव्हता. हे ऐकताना मी मुलीकडे बघितलं. ती आठवीपासून कराटे शिकली, ब्राऊन बेल्ट आहे. घरात शोकेसमध्ये पदकं आहेत.

तिचा पहिला प्रसंग रिक्षाचा. पुढे एक प्लास्टिकची खुर्ची, मागे दोन, एवढीच रिक्षा. ताईंनी तिला सांगितलं, संध्याकाळची वेळ आहे, तुला कॉलेज रोडला जायचंय. थोडं अंतर गेल्यावर रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, इकडून शॉर्टकट आहे," आणि वळला. माझी मुलगी हळूच म्हणाली, "दादा, इकडून नको ना." तो काही बोलला नाही. ती पुन्हा म्हणाली, "दादा, प्लीज." तिसऱ्यांदा तर आवाजच फुटला नाही. मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी घट्ट धरून ती बसून राहिली आणि शिट्टी वाजली. तिचे ठोसे मी स्पर्धेत बघितलेत. त्या खुर्चीवर तिला त्यातलं काहीही आठवलं नाही, आणि आठवून तरी उपयोग काय होता? चालत्या रिक्षात मागून ठोसा मारला तर रिक्षा उलटणार.

मग प्रत्येक प्रसंगानंतर होते तशी उजळणी झाली. वर्गाचा खरा जीव या उजळणीत आहे. कोणी चूक-बरोबर म्हणत नाही. ताई विचारतात, तू काय पाहिलंस, पहिल्यांदा पोटात कधी कसंतरी झालं, आणि त्यानंतर किती वेळ गेला. मुलगी म्हणाली, तो आरशातून बघत होता तेव्हाच. म्हणजे वळायच्या बऱ्याच आधी. "मग बोलली का नाहीस?" "त्याला वाईट वाटेल असं वाटलं." हॉलमधल्या चार-पाच बायका एकदम "हो" म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी रिक्षा वळायला लागली तशी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "रिक्षा थांबवा. मला इथेच उतरायचंय. आत्ता." एका हाताने फोन कानाला लावला होता, रिक्षाचा नंबर मोठ्याने वाचत होती. रिक्षा थांबली, ती उतरली, उजेडाच्या बाजूला चालत गेली. झटापट नाही, काही नाही. तिसऱ्या वेळी त्याच तरुणाने खरोखरच रस्ता खोदलेला असल्यामुळे वळणाऱ्या साध्या रिक्षावाल्याचं काम केलं, आधी विचारून, समोरची पाटी दाखवून. तिथे तिला ओरडायची गरज नव्हती हे तिला ओळखता आलं पाहिजे होतं, आणि आलं. तीन वेळा तेच वाहन, तेच वळण. फरक कशात होता, यावर आम्ही अर्धा तास बोललो असू.

जेवणानंतरचा एक प्रसंग मी बाप म्हणून विसरणार नाही. लग्नाचं घर, ओळखीतले एक काका, "किती मोठी झालीस गं" म्हणत खांद्यावर हात टाकतात आणि हात काढत नाहीत. इथे हेल्मेट नव्हतं, फोम नव्हता, फक्त कुडता. ताईंनी आधी सांगितलं होतं की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो, तेव्हा अंधाऱ्या गल्लीपेक्षा हा प्रसंग महत्त्वाचा. मुलगी आधी हसली, मग बाजूला सरकली, तो हात परत आला. मग ती थांबली आणि सरळ म्हणाली, "काका, हात काढा." हॉल इतका शांत झाला की खालच्या मजल्यावरची भांडी ऐकू येत होती. तो म्हणाला, "अगं, मी तुझ्या बाबांचा मित्र." ती म्हणाली, "ऐकलं मी. हात काढा."

खरं सांगतो, असा प्रसंग खऱ्या लग्नात झाला असता तर चारचौघांत तमाशा नको म्हणून तिला गप्प करणाऱ्यांत मी पहिला असतो. घरी येताना गाडीत मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये बाबा." पुढे बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

ताईंनी कॅनडातल्या एका अभ्यासाविषयी सांगितलं तो मला विशेष भावला, कारण औषधाची चाचणी कशी घेतात हे आमच्या धंद्यात माहीत असतं. शार्लीन सेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकाला १२ तासांचं प्रशिक्षण, दुसऱ्याला नेहमीची माहितीपत्रकं. ४५१ आणि ४४२ मुली. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के आणि प्रशिक्षणाच्या गटात ५.२ टक्के निघालं. २०१५ साली हे न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. आणि त्या १२ तासांतला मारायचा भाग थोडाच होता. ओळखीच्या माणसाचं वागणं कुठे बदलतं ते हेरणं, 'असं कसं बोलू' हा आपला संकोच मोडणं, यावर भर होता. या वर्गाची बांधणीही तशीच आहे.

आता माझं. नाव नोंदवताना एक फॉर्म भरून घेतात, त्यात तुमच्यावर गुदरलेला प्रसंग लिहायचा असेल तर लिहा असं असतं. मी लिहिला होता. दुसऱ्या रविवारी बघतो तर हॉलच्या एका कोपऱ्यात बाकाचं काउंटर, त्यावर रिकामी खोकी, जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावून केलेला दुकानाचा उंबरठा, आणि माझ्या उजव्या हाताला फोम गुंडाळलेली सळई. छातीत धस्स झालं.

पोरगं आत आलं. जॅकेट, उजवा हात खिशात, घाम आलेला, नजर इकडेतिकडे. "काका, पटकन द्या, पटकन," एवढंच म्हणत होतं. मी विचारलं काय पाहिजे, तर हात खिशातून बाहेर यायला लागला. मी सळई हाणली, हेल्मेटवर दणकन बसली. शिट्टी. त्याच्या हातात रिकामा इनहेलर होता आणि चुरगळलेली चिठ्ठी. आईला दम लागलाय म्हणून धावत आलेलं पोरगं होतं ते.

मी २१ वर्षं हेच बघतोय. दम्याच्या माणसाचा नातेवाईक रात्री असाच येतो, त्याला वाक्य धड पुरं करता येत नाही. मला ते ओळखू यायला हवं होतं, दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त. ताईंनी विचारलं, "काय पाहिलंत?" मी म्हणालो, हात. "चेहरा?" आठवला नाही. "तो काय म्हणत होता?" तेही नाही. मग त्यांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रण दाखवलं. त्यात पोरगं स्वच्छ दोनदा "आईला" म्हणतंय, आणि मागून माझी मुलगी "बाबा, थांबा" म्हणून ओरडतेय. मला दोन्ही ऐकू आलं नव्हतं. ॲड्रेनालिन म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं रसायन. त्याच्या १ मिलीच्या अँप्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, मी विकतो, त्याने नाडी कशी धावते ते पाठ आहे मला. पण माणूस घाबरला की कान बंद होतात, नजर बोगद्यासारखी एकाच जागी खिळते, हे मी त्या दिवशी स्वतःवर बघितलं. श्रावणातल्या त्या रात्री हातावरचा मुलगाही मागून हाका मारत होता म्हणे. मला नेहमी वाटायचं तो खोटं बोलतोय.

यावर उपाय म्हणून साहेबांनी शिकवलं ते अगदी साधं. श्वास लांब सोडायचा, मान हलवून डावी-उजवीकडे बघायचं, आणि मोठ्याने बोलायचं, "दोन्ही हात दाखव, काय पाहिजे सांग." आपण बोललो की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ज्याला खरंच मदत हवी असते तो देतो. मधे काउंटर ठेवायचं. अंतराचाही सराव घेतला. १९८३ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकाने लिहिलं होतं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात तोडतो. आम्ही टेपने २१ फूट मोजले. हॉलच्या दारातून फोमवाला तरुण रबरी चाकू घेऊन धावला तेव्हा माझा हात सळईपर्यंत पोचलासुद्धा नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. सळई जवळ आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, हा माझा समज तिथे गळून पडला.

त्यानंतर कायद्याचा तास झाला, एक वकील ताई आल्या होत्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी ९६ ते १०६ होता. कलम ४० सांगतं की शरीराला धोका आहे अशी रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच तो राहतो. कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. मी विचारलं, एवढ्या घाईत माणूस मोजणार कसं? त्यांनी दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल समजावला. हल्ला होत असताना माणसाने गणित केल्यासारखा पायरीपायरीने प्रतिकार करावा ही अपेक्षा अवास्तव आहे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे कायदा घाबरलेल्या माणसाला समजून घेतो. पण पाठमोऱ्या पोराला मारताना मला भीती कशाची होती, याचं उत्तर मी स्वतःलाही देऊ शकत नव्हतो. हवालदारांचा प्रश्न हाच होता.

हा तास प्रत्यक्षात चाळीस मिनिटांतच आटोपला, आणि ही माझी मोठी तक्रार आहे. सगळ्यांचे प्रश्न राहून गेले. घरात चोर शिरला तर काय, दुसऱ्याला वाचवायला मधे पडलो तर काय, पोलिसांना फोनवर आधी काय सांगायचं, यावर निदान दोन तास हवेत. पहिल्या रविवारची सकाळची कसरत कमी केली तरी वेळ निघेल.

माझा शेवटचा प्रसंग पुन्हा दुकानाचाच. पोराने खोकी ढकलली, बाकावरून वाकून माझी कॉलर धरली. मी त्याचं मनगट उपटलं, ढकललं, सळई आडवी धरून ओरडलो, "मागे हो!" तो मागे झाला, गल्ल्यातल्या खोट्या नोटा उचलून पळाला. आणि माझे पाय निघाले. शिट्टी वाजली तेव्हा मी पिवळ्या पट्टीच्या तीन पावलं बाहेर होतो. इतकं सगळं ऐकून, समजून, तरी बाहेर.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "पुन्हा." पुन्हा कॉलर, पुन्हा ढकलाढकली, पुन्हा नोटा. या वेळी पट्टीवर पाय आला आणि मी थांबलो. पोटऱ्या थरथरत होत्या. सळई खाली ठेवली, शटर ओढल्यासारखं केलं, हातावरच्या मुलाला लागलंय का ते विचारलं, आणि ११२ लावला. लावला म्हणजे लावायला गेलो, बोटं इतकी कापत होती की फोनचं कुलूप तीनदा चुकलं. आणीबाणीचा कॉल आपल्या फोनवर कुलूप न उघडता कसा लागतो ते ज्याने त्याने आजच बघून ठेवा. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "आता तो कुठे आहे?" मी म्हणालो, गेला. "आणि तुम्ही?" मी म्हणालो, दुकानात.

आणखी काही गोष्टी, जाणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून. हॉलमध्ये आवाज घुमतो, मागे बसलात तर ताईंचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पुढे बसा. पंजाबी ड्रेस चालतो, ओढणी काढून ठेवायला सांगतात. रोज घालता तेच बूट-चपला घाला असा आग्रह असतो आणि तो बरोबर आहे. दारू प्यालेल्या शेजाऱ्याचा प्रसंग मला ताणलेला वाटला. चित्रण वर्ग संपल्यावर आपल्यासमोर पुसून टाकतात. मी मुद्दाम उभा राहून बघितलं.

पहिल्या दिवशी लिफ्टच्या प्रसंगात एका बाईंना एकदम रडू कोसळलं आणि श्वास लागला. ताईंनी क्षणात शिट्टी वाजवली, त्यांना गॅलरीत नेलं, अर्धा तास त्यांच्याजवळ बसल्या आणि त्या दिवसापुरतं त्यांना फक्त बघायला बसवलं. हे त्यांनी फार मायेने केलं. पण कोणता प्रसंग कोणाला झेपणार नाही हे फॉर्ममध्येच स्पष्ट विचारायला हवं. आत्ता 'लिहायचं असेल तर लिहा' एवढंच आहे, आणि ज्यांनी खरं भोगलंय ते सहसा लिहीत नाहीत. मी हे ताईंना तिथेच बोललो, त्यांनी वहीत टिपून घेतलं.

फी जास्त आहे का, असं दोघांनी विचारलं मला. त्या पोराच्या प्लास्टरचं बिल मी भरलंय, त्यामुळे मला जास्त वाटली नाही. पण शिलाई करून किंवा घरकाम करून पोट भरणाऱ्या बायकांना ४,५०० जमणार नाहीत, आणि रात्री-बेरात्री एकट्याने घरी जाणाऱ्या त्याच असतात. त्यांच्यासाठी वेगळा दर ठेवा, अशी माझी वर्गाला मनापासून विनंती आहे. दोन-तीन जागांचे पैसे मी आणि ओळखीचे दुकानदार मिळून देऊ.

दुकानात मी काउंटरची फळी हातभर रुंद करून घेतली, बाहेर एक दिवा वाढवला, आणि रात्री साडेनऊनंतर शटर गुडघ्यापर्यंत ओढून जाळीतून औषध देतो. सळई शटरपाशीच आहे, ती लागतेच, पण आता तिची खुंटी उंबरठ्याच्या आतल्या भिंतीवर आहे. दिवाळीनंतरच्या वर्गात हातावरच्या दोन्ही मुलांची नावं घातलीत, फी दुकानातून. त्या दोन रविवारी दुकान मी आणि मुलगी सांभाळू.